‘मग आम्ही काय करावं?’ : आगमनकाळात शील घडवण्याविषयी

प्रश्न : आम्ही पिंपरीत राहतो. डिसेंबर लागला की चांदणी, केक, करंज्या, कॅरल, मुलांचे कपडे, संडे स्कूलचा कार्यक्रम यात मी पार बुडून जाते. पंचवीस तारखेला भक्तीला बसते तेव्हा मन कोरडं असतं. सव्वीसला पुन्हा तीच चिडचिड, सासूबाईंशी तीच धुसफूस, जावेच्या घराशी तीच तुलना. ख्रिस्ताचा स्वभाव आपल्यात यावा असं मनापासून वाटतं. नाताळच्या दिवसांत त्यासाठी नेमकं काय करावं?

उत्तर :

सलाम, ताई.

एकतीस वर्षं मी पाळक म्हणून सेवा केली. त्यातली बरीचशी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या मंडळ्यांत गेली आणि शेवटची काही पुण्यात. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन दर डिसेंबरात कुणी ना कुणी यायचं. पण बहुतेक जण ‘पाळकसाहेब, आध्यात्मिक वाढ व्हावी असं वाटतं’ एवढंच सांगून थांबायचे. तुम्ही चिडचिड, सासूबाई आणि जावेशी तुलना अशा तीन जागा नावानिशी सांगितल्यात. तुमचं निम्मं काम तिथेच झालं आहे. ते कसं, ते सांगतो.

लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघडा. आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांतल्या, रविवारी तो अनेक मंडळ्यांत वाचला जातो. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीच्या काठी उपदेश करतो आहे आणि लोक त्याला तुमचाच प्रश्न विचारतात, ‘तर मग आम्ही काय करावे?’ तो तीन वेळा विचारला जातो. आधी लोकसमुदाय विचारतो, मग जकातदार, मग शिपाई. योहानाची उत्तरं बघा. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला एक द्यावा. जकातदारांनी ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी जुलूम करून, खोटे आळ घेऊन पैसे उकळू नयेत, आपल्या पगारात समाधान मानावं. उपवास करा, जास्त वेळ प्रार्थना करा, मंदिरात जा, यातलं काहीही तो म्हणत नाही. त्या गोष्टी वाईट आहेत म्हणून नव्हे. जो माणूस रोज जिथे घसरतो, नेमकं तिथेच त्याला उभं करायचं होतं. जकातदाराचा हात वसुलीत घसरायचा, म्हणून त्याला वसुलीबद्दल सांगितलं. तुमचा पाय स्वयंपाकघरात घसरतो. मग तुमचं यार्देनेकाठचं उत्तरही स्वयंपाकघरातच मिळणार.

आता ‘शील’ हा शब्द. प्रेषित पौल रोमकरांस लिहितो की संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते. मराठी बायबलमध्ये जिथे ‘शील’ आहे तिथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पारखून खरं ठरलेलं’ असा आहे. नाणं खरं की खोटं हे पारखताना त्याच कुळातला शब्द वापरत. म्हणजे शील हा मनातला चांगला विचार नव्हे किंवा भक्तीत डोळे भरून येतात ती भावनाही नव्हे. धग लागल्यावर जे टिकून राहतं, ते शील. म्हणून डिसेंबरची धांदल शील घडवण्याच्या आड येते असं मला वाटत नाही. धांदल हीच पारख. तुम्ही शांत वेळ मिळण्याची वाट बघत बसलात, तर ती वेळ नाताळचे दिवस सरल्यावर, सहा जानेवारीनंतर येईल आणि तोवर पारखणाऱ्याचं काम संपलेलं असेल.

हे मला फार उशिरा कळलं. कसं कळलं, ते सांगतो.

एका खेड्यात आम्ही नाताळचा कार्यक्रम बसवत होतो. तीन आठवडे तालमी चालल्या होत्या. नऊएक वर्षांचा एक मुलगा मेंढपाळ झाला होता. आजोबांची खरी घोंगडी खांद्यावर घेऊन तो उभा राहिला. त्याचं एकच वाक्य होतं, ‘चला, आपण बेथलेहेमपर्यंत जाऊ.’ समोर गर्दी बघून त्याला ते आठवेना. मी पडद्याआड उभा होतो. मी ओरडलो, ‘एवढंही येत नाही का रे?’ माइक चालूच होता. सगळ्या मंडळीने ते ऐकलं. मुलाने घोंगडी काढली, तिची नीट घडी घातली, बाजूच्या खुर्चीवर ठेवली आणि तो खाली उतरून आईपाशी जाऊन बसला. त्यानंतर मी व्यासपीठावर गेलो आणि आत्म्याच्या फळावर, म्हणजे पवित्र आत्मा माणसात जे गुण घडवतो त्यांवर, वीस मिनिटं बोललो. त्या फळात सौम्यता आहे, हेही बोललो. पुढच्या वर्षी त्या मुलाने भाग घेतला नाही.

मी त्याच्या घरी गेलो, पण दोन वर्षांनी. इतका वेळ का लागला याला माझ्याकडे उत्तर नाही. ‘माझं चुकलं’ असं मी त्याला त्याच्या आईवडिलांसमोर सांगितलं. तो काही बोलला नाही. आत गेला आणि माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आला.

नंतर मी त्या संध्याकाळचा खूप विचार केला. राग त्या क्षणी आला असं मला वाटत होतं. पण खरं कारण तीन आठवड्यांपूर्वीचं होतं. शेजारच्या गावच्या मंडळीचा कार्यक्रम आदल्या वर्षी फार चांगला झाला होता आणि आपला त्याहून चांगला व्हावा अशी ईर्ष्या माझ्या पोटात बसली होती. मुलाचं विसरणं हे निमित्त झालं. म्हणून तुम्हालाही विचारतो, ताई. तुम्ही चिडचिड आधी लिहिलीत आणि तुलना शेवटी. जावेच्या घरचा सोफा, तिच्या मुलांचे कपडे, तिच्या घरी कॅरलवाल्यांना काय दिलं जातं, हे मनात चालू असताना सासूबाईंचा एक शब्द जास्त टोचत असेल का? याचं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे. पण ज्या तणाला उपटायचं त्याचं मूळ कुठे आहे, ते आधी बघून घ्या. वरचा पाला तोडला तर दुसऱ्या पावसात ते परत येतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

आगमनकाळ ३० नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी सुरू होतो. नाताळच्या आधी चार रविवार येतात, म्हणजे बावीस ते अठ्ठावीस दिवस मिळतात. या दिवसांसाठी फक्त एक गोष्ट निवडा. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन ही सगळी नावं घेऊन बसू नका. पौलाने तिथे ‘फळ’ हा शब्द एकवचनी लिहिला आहे. झाड एकच आहे. एका फांदीला पाणी घालता येत नाही, पाणी मुळालाच घालावं लागतं. एका जागी मनापासून काम केलंत तर बाकीच्या जागाही हलतात.

निवडण्याआधी घरातल्या एका माणसाला विचारा, ‘माझ्या कुठल्या वागण्याचा तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास होतो?’ एवढंच विचारा, आणि उत्तर आलं की सफाई देऊ नका. ‘बरं’ म्हणा आणि उठा. माझ्या अनुभवात हा सगळ्या सल्ल्यातला सगळ्यात कठीण भाग आहे. लोक चाळीस दिवस उपास करतील, पण हा प्रश्न विचारणार नाहीत. मी माझ्या बायकोला विचारला होता. ती म्हणाली, ‘तुम्ही मंडळीतल्या सगळ्यांचं पूर्ण ऐकून घेता, माझं अर्धं ऐकून उठता.’ मी वेगळंच काहीतरी ऐकायची तयारी करून बसलो होतो.

मग रोज संध्याकाळी पाच मिनिटं. इथे मी एका जुन्या पद्धतीचा आधार घेतो. इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आध्यात्मिक साधनेची एक पुस्तिका लिहिली आणि १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. आपण प्रॉटेस्टंट, ते कॅथलिक, म्हणून हे सोडून देऊ नका. त्यात एकाच दोषावर काम करण्याची रीत आहे. सकाळी उठल्यावर तो दोष मनासमोर आणायचा. दुपारी आणि रात्री, दिवसातून दोनदा, मागे वळून बघायचं आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके एका रेघेवर द्यायचे. मग आजचा दिवस कालच्याशी ताडायचा आणि हा आठवडा मागच्याशी. आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. चूक झाली की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चार माणसांतही ठेवता येतो, कुणाला कळत नाही. एवढ्याने मन जागं होतं.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हे छान जमतं. ठिपका फक्त पेन्सिलीचा द्या. शेजारी काही लिहू नका, म्हणजे कुणाला अर्थ लागणार नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतील. घाबरू नका. तुम्ही जास्त चिडायला लागलात असं नाही, आता तुम्हाला ते दिसायला लागलं आहे. कितीतरी माणसं याच टप्प्यावर ‘माझ्याने होत नाही’ म्हणून सोडून देतात. दुसऱ्या रविवारपर्यंत तरी धरून राहा. ठिपका दिल्यावर लगेच एक ओळ प्रार्थना करा, ‘प्रभू, हे झालं. उद्या माझ्याबरोबर राहा.’ त्याहून जास्त स्वतःला झोडपत बसू नका. स्वतःला झोडपणं हाही स्वतःतच गुंतून राहण्याचा एक प्रकार आहे.

आता तो प्रसंगच बघू. बावीस तारखेची रात्र. ओट्यावर परातीत खोबरं, पिठीसाखर, खसखस, वेलदोड्याचं सारण. तुम्ही लाट्या लाटताय, सासूबाई भरताय्‌त. तेल तापलंय, मुलं अजून झोपलेली नाहीत, उद्याचे कपडे इस्त्रीला दिलेले आहेत. आणि सासूबाई तुमची एक करंजी उचलून म्हणतात, ‘मुरड नीट पडली नाही. तेलात फुटेल.’ त्या शब्दाला आणि तुमच्या उत्तराला मध्ये जेमतेम एका श्वासाचं अंतर असतं. महिनाभराची सगळी तयारी त्या एका श्वासासाठी असते. पिठाचा हात तसाच छातीवर ठेवा. मग बचाव करण्याऐवजी विचारा, ‘कशी घालायची, दाखवता?’ हे खुशामतीसाठी म्हणू नका. खरोखर शिकायचं म्हणून विचारा. चाळीस वर्षं करंज्या केलेल्या बाईच्या बोटांत जे आहे ते तिच्यानंतर कुठे मिळणार आहे? मंडळीतल्या एका बहिणीने हे केलं तेव्हा तिची सासू पहिल्यांदा तिच्या शेजारी पाट ओढून बसली आणि स्वतःच्या सासूने तिला कसं रडवलं होतं ते सांगत बसली. तेल थंड झालं, पुन्हा तापवावं लागलं.

याचा अर्थ प्रत्येक शब्द गिळायचा असा नाही. सौम्यता म्हणजे दबून राहणं नव्हे. एखादी गोष्ट खरोखर लागली असेल तर दुसऱ्या दिवशी, एकांतात, आवाज न चढवता सांगा. आणि घरात मारहाण असेल, अपमान रोजचा झाला असेल, तर ‘सहनशीलता ठेव’ हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, मग तो पाळक असला तरी. तिथे माहेरची, मंडळीतली भरवशाची माणसं आणि कायद्याची मदत घ्यायची असते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे आत्म्याच्या फळाच्या नावाखाली बायकांना फार सोसायला लावलं गेलं आहे.

थोडं कामाच्या ओझ्याबद्दल. आज आगमनकाळ हा तयारीचा म्हणजे खरेदीचा काळ झाला आहे. मुळात तो संयमाचा काळ होता. पिंपरी-चिंचवडला केरळातली सिरियन ख्रिस्ती घरं पुष्कळ आहेत. तुमच्या इमारतीतही असेल एखादं. १ डिसेंबरपासून नाताळापर्यंतचा त्यांचा पंचवीस दिवसांचा उपास कसा असतो, ते विचारून बघा. मांस-मासे, कुणाच्या घरी दूध-अंडीही बंद. त्यांच्याकडे पंचवीस तारखेचं जेवण खरोखर सणाचं असतं, कारण त्याआधी जीभ थांबलेली असते. तुम्ही तसाच उपास करा असं मी म्हणत नाही. पण काहीतरी कमी करा. फराळाचे पाच जिन्नस करत असाल तर तीन करा. रात्री नऊनंतर फोन कपाटात ठेवा. तुलनेला खाद्य कुठून मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. जावेच्या घरच्या नाताळच्या झाडाचे फोटो नऊ वाजता दिसले नाहीत तर दहा वाजता मनात येत नाहीत. दमलेलं शरीर आणि चेतवलेला हेवा, या दोन गोष्टी एकत्र आल्या की कुणाचीही सौम्यता टिकत नाही. माझी टिकली नाही, ते वर सांगितलंच.

योसेफाकडे मी दर आगमनकाळात पुन्हा पुन्हा जातो. मत्तय त्याला ‘नीतिमान’ म्हणतो. मरीया गरोदर आहे हे त्याला कळलं, तेव्हा चारचौघांत तिची बेअब्रू करण्याचा रस्ता त्याला मोकळा होता. त्याने गुपचूप सोडून द्यायचं मनात आणलं. लक्षात घ्या, हे त्याने स्वप्नाआधी ठरवलं. देवदूत अजून आलेला नव्हता, आणि त्याला खरं काय ते माहीत नव्हतं. आपल्याला फसवलं गेलं असं वाटत असतानाही तिला वाचवायचा त्याचा विचार होता. त्या रात्री त्याचं शील घडलं नाही, त्या रात्री ते दिसलं. घडलं ते आधी, सुतारकामाच्या साध्या दिवसांत. आणि चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही शब्द नाही. झोपेतून उठला आणि सांगितल्याप्रमाणे त्याने केलं, एवढंच मत्तय लिहितो. आपल्या नाटुकल्यांमध्ये योसेफाला कुणी व्हायला तयार नसतं, कारण त्याला बोलायला वाक्य नसतं. तुमच्या मुलाला या वर्षी योसेफ केलं असेल तर ते त्याला सांगा.

समेटाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नाताळात सगळ्यात जास्त अडतं ते इथे.

एका गावात दोन सख्खे भाऊ होते. वाटणीत मधली भिंत कुणाची यावरून बोलणं बंद झालं होतं, अकरा वर्षं. दोघेही मंडळीत नियमित यायचे. एक उजव्या बाजूला बसायचा, दुसरा डाव्या. थोरला कॅरल फेरीत ढोलकी वाजवायचा. फेरी सगळ्या गावात फिरायची आणि धाकट्याच्या दारापाशी आली की थोरला ढोलकी दुसऱ्याच्या गळ्यात अडकवून कोपऱ्यावर उभा राहायचा. सगळ्यांना ते सवयीचं झालं होतं. मलाही झालं होतं, आणि ते माझं चुकलं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा. त्या वर्षी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी मी प्रभुभोजनाआधी हे वचन वाचलं आणि त्यावर काहीच बोललो नाही. पाच मिनिटं आम्ही सगळे गप्प बसलो.

त्या दिवशी काही झालं नाही. तेवीसच्या रात्री फेरी धाकट्याच्या दारापाशी आली. थोरल्याने नेहमीप्रमाणे ढोलकी काढली, हातात धरली, आणि पुन्हा गळ्यात घातली. तो आत गेला नाही. दारातच उभा राहून वाजवत राहिला. धाकट्याची बायको चहा घेऊन आली तेव्हा तिने पहिला कप त्याला दिला. भिंतीचा प्रश्न पुढे वर्षभर तसाच राहिला, मग कधीतरी सुटला. पण त्या रात्रीपासून फेरीत कोपऱ्यावर कुणी उभं राहिलं नाही.

समेट म्हणजे सगळा हिशोब मिटणं असं समजलात तर तुम्ही कधीच सुरुवात करणार नाही. पौल म्हणतो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांबरोबर शांतीने राहा. ‘तुमच्याकडून होईल तितकं’ या शब्दांत मोठी मोकळीक आहे. समोरच्याचा अर्धा भाग तुमच्या हातात नाही. जावेबद्दल तुम्ही काय करू शकता? चोवीस तारखेच्या आत तिला एक फोन करा. तुलनेचं बोलू नका, माफी मागायचा प्रसंग नसेल तर माफीही मागू नका. तिची एखादी खरी चांगली गोष्ट, जी तुम्हाला आतून माहीत आहे पण कधी बोलून दाखवली नाही, ती सांगा. हेव्यावर यापेक्षा चांगलं औषध मला मिळालेलं नाही.

दानाचं थोडक्यात. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण नाताळात आपण जितकी मोडतो तितकी क्वचित कधी मोडत असू. ब्लँकेट वाटपाचे फोटो, बॅनर, नावांची यादी. या वर्षी एक तरी गोष्ट अशी द्या जी तुमच्या नवऱ्यालाही सांगणार नाही. तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईच्या मुलीची वह्यापुस्तकं, शेजारच्या आजोबांची औषधं, काहीही. ते गुपित जपताना मनाला होणारी तगमग बघा. ‘कुणाला तरी कळू दे’ असं किती वेळा वाटतं ते मोजा. तिथे तुमचं तुम्हाला बरंच काही समजेल.

मुलांसाठी एक गोष्ट सुचवतो. आगमनकाळातलं मेणबत्त्यांचं चक्र आपण चर्चमध्ये बघतो. ते हॅम्बुर्गमध्ये १८३९ साली योहान हिन्‌रिख विखेर्न नावाच्या पाळकाने सुरू केलं. तो गरीब, बेवारस मुलांचं घर चालवायचा. नाताळ कधी येणार असं मुलं रोज विचारायची, म्हणून त्याने गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी छोट्या, आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. ज्यांचं कुणी नव्हतं अशा मुलांना वाट बघायला शिकवण्यासाठी ते चक्र जन्मलं. तुमच्या घरी चार पणत्या ताटात ठेवल्या तरी चालेल. रोज रात्री दिवा लावून मुलांना एकच विचारा, ‘आज तुझ्याशी कोण प्रेमाने वागलं?’ तू काय चांगलं केलंस, असं विचारू नका. नाहीतर ती तुम्हाला खूश करायला गोष्टी बनवतील. दुसऱ्याचा चांगुलपणा बघायला शिकलेलं मूल पुढे तुलनेत कमी अडकतं.

हे सगळं करूनही तुम्ही पंचवीस तारखेला संतापाल, हे शक्य आहे. म्हणून वेळाबद्दल सांगतो. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मध्ये पाच वर्षं होती. नगरला नवऱ्याजवळ येऊन राहिल्यावरही त्यांनी सोवळं लगेच सोडलं नाही. त्यांचं सगळं वळण हळूहळू, एकेक गोष्ट पटत, बदललं. आणि पटलं ते मात्र पक्कं. पुढे त्यांनी किती अनाथ पोरांना पोटाशी धरलं ते मराठी वाचकांना माहीत आहे. तुम्ही अठ्ठावीस दिवसांत स्वतःला बदलून टाकायचं मनात धरलं असेल, तर ते ओझं खाली ठेवा.

आणि पंचवीसला थांबू नका. आपल्याकडे सव्वीसला चांदणीचा दिवा बंद होतो. पण चर्चच्या जुन्या पंचांगात नाताळ सहा जानेवारीपर्यंत चालतो. सव्वीस डिसेंबर हा दगडमारीत मेलेल्या स्तेफनाचा दिवस आहे आणि अठ्ठावीस हा हेरोदाने मारलेल्या बाळांच्या आठवणीचा. गव्हाणीतलं गाणं संपतं न संपतं तोच हे दिवस का ठेवले असतील, यावर मी खूप वर्षं विचार केला. सव्वीसला तुम्हाला जो रितेपणा जाणवतो तो तुमच्या विश्वासाचा दोष नाही. त्या दिवशी लोकांनी मरणाच्या गोष्टी वाचल्या, बाळाला घेऊन मिसरात पळालेल्या आईबापाची गोष्ट वाचली. तुमच्या घरात या वर्षी कुणी गेलं असेल, तर पंचवीसच्या गर्दीपेक्षा हे दिवस तुम्हाला जवळचे वाटतील. एकतीस डिसेंबरच्या रात्री वॉच नाईटच्या भक्तीला बसाल तेव्हा नवीन वर्षाचे संकल्प लिहू नका, कॅलेंडरवरचे ठिपके तेवढे आठवा. मरीयेबद्दल लूक लिहितो की तिने या सर्व गोष्टींचं मनन करून त्या आपल्या अंतःकरणात ठेवल्या. मेंढपाळ देवाचे गौरव करत गावभर बोलत गेले. ती बोलली नाही, तिने ठेवल्या.

सहा जानेवारीला ठिपके मोजू नका. करंज्यांचा रिकामा डबा धुवून ठेवताना सासूबाईंना पुन्हा तोच प्रश्न विचारा, ‘माझ्या कुठल्या वागण्याचा तुम्हाला त्रास होतो?’ उत्तर कदाचित तेच येईल. कदाचित वेगळं येईल. आणि कदाचित त्या विचारतील, ‘आणि माझ्या?’